जे फोनवर सांगता, ते कागदावर द्या

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

गेल्या गुरुवारी रात्री 9 वाजून 40 मिनिटांनी आपल्या बँकेच्या आमच्या विभागातल्या शाखा व्यवस्थापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. मार्चअखेर ज्या शाखांचं विम्याचं टार्गेट 80 टक्क्यांच्या आत राहिलं, त्यांच्या व्यवस्थापकांनी मे महिन्याच्या रजेचे अर्ज पाठवू नयेत, आणि आधी मंजूर झालेल्या रजाही रद्द समजाव्यात. खाली हात जोडल्याचं चिन्ह. पाच-सहा जणांनी सवयीने 'नोटेड सर' लिहून टाकलं. मग एका व्यवस्थापकाने विचारलं, "सर, सर्क्युलर नंबर मिळेल का?"

त्यानंतर ग्रुप एकदम गप्प. अकराव्या मिनिटाला मूळ मेसेज गायब झाला. 'नोटेड सर' मात्र तसेच लटकत राहिले. नेमकं काय नोट केलं, ते आता कुणालाच दाखवता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाला वेगळा फोन आला. हुकूम तोच, फक्त आता त्याचा मागमूस नव्हता. नंबर विचारणाऱ्याला त्या दिवशी आणखी एक फोन आला. त्यात काय बोलणं झालं ते त्याने मला सांगितलंय, पण ते छापण्यासारखं नाही.

हे पत्र त्या अकरा मिनिटांमुळे लिहिते आहे.

मी 2004 साली या बँकेत क्लार्क म्हणून लागले. कॅश काउंटर, मग परीक्षा देऊन ऑफिसर, तीन वर्षं बीड जिल्ह्यातल्या एका गावी, बाकी सगळी नोकरी पुण्यात. सध्या पेठेतल्या एका शाखेची व्यवस्थापक आहे. नाव लिहीत नाही. सेवानियमांत ते बसत नाही हे एक कारण. मुलगी बारावीत आहे आणि बदलीचा कागद तासाभरात निघू शकतो हे दुसरं. (तेवढा एक कागद मात्र आपल्याकडे झटपट लेखी निघतो.) बँकेचं नावही घालत नाही. आपल्याला ते कळेलच. आणि दुसऱ्या एखाद्या बँकेच्या संचालकांना हे पत्र आपल्यालाच आहे असं वाटलं, तर त्यांनीही वाचावं.

माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ते मला सायकलवर पुढे बसवून बँकेत न्यायचे. पासबुकात हाताने केलेली नोंद असायची आणि तिच्यापुढे बारीक सही. वडील ती सही बोटाने दाखवायचे आणि म्हणायचे, "ही आहे तोवर कुणाच्या बापाला घाबरायचं कारण नाही." 1969 च्या राष्ट्रीयीकरणाबद्दल घरात कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. त्या सहीवर मात्र माझ्या वडिलांचा विठ्ठलाइतका भरवसा होता.

आपला धंदाच कागदावर चालतो. काउंटरवर बसणाऱ्या नव्या मुलाला पहिल्या दिवशी शिकवतात की व्हाउचरशिवाय रुपया हलवायचा नाही. एंट्री एकाने करायची, पास दुसऱ्याने. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे. संध्याकाळी कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत घर विसरायचं. बावीस वर्षं मी ही शिस्त पाळली, आणि खरं सांगते, मला ती आवडते. म्हणूनच पुढची गोष्ट घशाखाली उतरत नाही. दहा रुपयांना दोन सह्या मागणाऱ्या या बँकेत माणसाची रजा, झोप आणि अब्रू एका फोनवर जाते. उद्या काही बिघडलं की चौकशीच्या टेबलावर येणारा कागद मात्र माझ्या सहीचा असतो.

आधी माझीच चूक सांगते, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील.

आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षिका येतात. वय 73. महापालिकेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं, म्हणून सगळे त्यांना 'बाई'च म्हणतात. आमच्या दफ्तरीला, म्हणजे कागदपत्रं सांभाळणाऱ्या शिपायाला, त्यांनी तिसरीत शिकवलंय. तो अजून त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाही. मागच्या वर्षी फेब्रुवारीत बाईंची सहा लाखांची एफडी मुदतीला आली. अशा मुदत संपणाऱ्या ठेवींची यादी आम्हाला रोज सकाळी वरून येते. यादीवर फक्त नाव, रक्कम, तारीख असते. त्या यादीचं काय करायचं, ते फोनवर सांगितलं जातं.

त्या दिवशी विमाविक्रीचा सकाळी 11 चा रिपोर्ट शून्य गेला, दुपारी 1 चा शून्य गेला. तीन वाजता फोन आला. मला जे ऐकवलं गेलं ते मी गिळलं आणि केबिनबाहेर येऊन आमच्या तरुण ऑफिसरला म्हटलं, "आज काहीतरी कर बाबा." एवढंच. काय कर, कुणाबरोबर कर, काहीही नाही. मीही तोंडीच सांगितलं.

चार वाजता बाईंच्या सहा लाखांतले चार लाख पुन्हा एफडीत गेले आणि दोन लाखांची पॉलिसी झाली. विमा मुलीच्या नावावर, हप्ता बाईंचा, दरवर्षी दोन लाख, दहा वर्षं. बाईंची समजूत अशी की पैसे एकदाच ठेवायचे आणि पाच वर्षांनी जास्त व्याजाने परत घ्यायचे. विमा कंपनीकडून खात्री करणारा फोन आला तेव्हा पलीकडची मुलगी हिंदीत भराभर विचारत होती आणि आमचा माणूस शेजारी मान डोलावत होता: हो म्हणा, बाई, हो म्हणा. शाळेत ज्यांनी आयुष्यभर 'समजलं का?' असं तीनतीनदा विचारलं, त्या बाई चार वेळा न समजता 'हो' म्हणाल्या, कारण पोरगा आपल्या बँकेतला होता.

अर्जावर विक्री करणाऱ्या प्रमाणित कर्मचाऱ्याचा कोड लागतो. तो ज्या मुलीचा आहे, तिने बाईंना पाहिलेलंही नव्हतं. त्या दिवशी ती दुसऱ्या शाखेत डेप्युटेशनवर होती. कोड तिचा, बोलणं त्या पोराचं, दबाव माझा, माझ्यावर आणखी कुणाचा. पॉलिसी ई-मेलवर गेली. बाईंना ई-मेल नाही. अर्जात जो लिहिलाय तो कुणाचा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पॉलिसी पसंत नसेल तर परत करायला 30 दिवस असतात. ते दिवस बाईंच्या नकळत उलटून गेले.

या वर्षी हप्त्याची नोटीस आली ती घेऊन बाई माझ्यासमोर बसल्या. "अगं, हे परत का मागतायत? मी दिले होते ना?" पेन्शनमधून वर्षाला दोन लाख बाजूला काढायचे, तर त्यांनी जेवायचं काय? आणि पॉलिसी आता सोडली तर भरलेल्या दोन लाखांतला मोठा वाटा गेलाच समजायचा. मी त्यांना चहा पाजला. दुसरं काही करता आलं नाही. तक्रार मीच लिहून दिली. शाखा व्यवस्थापकाने स्वतःच्या शाखेविरुद्ध तक्रार लिहून दिली म्हणून मला फोन आला. लेखी उत्तर विमा कंपनीकडून आलं: ग्राहकाने फोनवर संमती दिली आहे.

कुणी म्हणेल, ही एका शाखेची चूक. तसं नाही. विमा सक्तीचा नाही, आणि विमा कंपनीने बँकेच्या कर्मचाऱ्याला रोख किंवा वस्तूच्या रूपात काही देऊ नये, हे रिझर्व्ह बँकेने वर्षानुवर्षं लिहून ठेवलंय. तरी मार्चमध्ये आमच्या ग्रुपवर परदेश सहलीचं एक रंगीत पोस्टर फिरलं. बक्षीस कुणाकडून, त्यावर काहीच नव्हतं. लॉकरचंही तसंच. तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडावा लागल्यास त्याचा खर्च निघेल एवढी ठेव लॉकर देताना मागता येते, असा 2021 सालच्या निर्देशांचा अर्थ आहे. आमच्याकडे लॉकर मागायला आलेल्या माणसाला आधी पॉलिसी विचारायची असते. हेही अर्थात कुठे लिहिलेलं नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये खुद्द अर्थमंत्र्यांनी मुंबईत बँकांना चुकीच्या विमाविक्रीवरून जाहीर सुनावलं. त्या दिवशी आम्हाला वाटलं, आता जरा मोकळा श्वास मिळेल. दुसऱ्या दिवशी 11 चा रिपोर्ट 11 लाच मागितला गेला.

विम्याशी माझं भांडण नाही हे इथेच सांगते. वर्षाला 436 रुपये हप्ता असलेल्या सरकारी जीवनज्योती विम्याचे 2 लाख एका भाजीवालीच्या घरी पोचलेले मी पाहिलेत. नवरा गेल्यानंतर दोन महिन्यांनी ती पेढे घेऊन आली होती, आणि ते पेढे खावेत की नाही हे शाखेत कुणालाच कळेना. तो विमा मी तिला कळकळीने गळ घालून काढायला लावला होता. टार्गेट तेव्हाही होतं. टार्गेट असण्याने कुणी मरत नाही. नफा कमवू नका असं मी बँकेला कशी सांगेन? माझा पगार त्यातूनच येतो.

आता रिव्ह्यू, म्हणजे टार्गेटचा आढावा. कॅश बंद करून, डे-एंड लावून (दिवसाचे व्यवहार संगणकावर बंद करून), दिवे मालवायच्या वेळेला, म्हणजे संध्याकाळी साडेसातला व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) सुरू होते आणि कधी साडेनऊला संपते. 'कॅमेरे चालू ठेवा, तोंडं दिसू द्या.' शून्यवाल्यांना आधी घेतात. मागच्या डिसेंबरात माझ्या एका सहकाऱ्याला चौदा मिनिटं उभं ठेवलं. चौदा मिनिटं हे मी अंदाजाने म्हणत नाही, पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. तो घरून जोडला गेला होता, जेवणाच्या टेबलापाशी उभा होता, आणि त्याच्या मागे त्याची आई ताट वाढून तशीच थांबली होती. 'पगार कशाचा घेता?' हे वाक्य तिने ऐकलं. आम्ही सत्तर-ऐंशी जणांनीही ऐकलं आणि सगळे म्यूटवर राहिलो. मीसुद्धा.

जून 2023 मध्ये कोलकात्यातल्या एका खासगी बँकेच्या अधिकाऱ्याचा असाच एक व्हिडिओ देशभर फिरला आणि त्या अधिकाऱ्याला निलंबित केलं गेलं. आपल्याकडे त्याचा परिणाम तत्काळ दिसला. आमच्या व्हीसीच्या निमंत्रणाखाली एक ओळ वाढली: 'बैठकीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्यास सक्त मनाई आहे.' रिव्ह्यूबद्दल आजवर आम्हाला मिळालेली ही एकमेव लेखी सूचना.

अशा दाबाखाली माणसं काय करतात तेही आपण जाणता. आमच्यातले कितीतरी जण स्वतःच्याच नावावर, बायकोच्या, मेव्हण्याच्या नावावर पॉलिसी काढतात. अटल पेन्शनमध्ये भाच्यांची भरती झाली आहे. 2016 मध्ये जनधनची शून्य शिल्लक खाती कमी दिसावीत म्हणून बँकवाल्यांनीच एकेक रुपया भरल्याच्या बातम्या आल्या तेव्हा बाहेरची माणसं हसली. आम्हाला ते एक रुपयाचं नाणं कुठून आलं हे ठाऊक होतं. त्याच वर्षी अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेचं बिंग फुटलं. एका घरी आठ उत्पादनं खपवायची असा त्यांचा घोष होता. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली. सप्टेंबर 2016 मध्ये 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला आणि 2020 मध्ये 3 अब्ज डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. आधीच्या काही वर्षांत सुमारे 5,300 कर्मचारी घरी गेले होते, बहुतेक खालचे. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला जावं लागलं ते त्यांच्यानंतर, ऑक्टोबर 2016 मध्ये. हे उदाहरण मी कुठून उचललं? आपल्याच बँकेच्या एका प्रशिक्षणातून. फार छान स्लाइड होती. चहाच्या सुट्टीत सगळ्यांनी दुपारचा रिपोर्ट भरला.

रजेबद्दल थोडक्यात, कारण याचा राग माझा एकटीचा असू शकतो. संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून सलग किमान 10 कामाचे दिवस, आधी न सांगता, सक्तीच्या रजेवर पाठवायचं, आणि त्या काळात अंतर्गत ई-मेल सोडला तर कामाच्या कुठल्याही यंत्रणेला त्याला हात लावू द्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2021 पासूनचा नियम आहे. हेतू सरळ आहे: माणूस बाजूला झाला की त्याने काही दडवलं असेल तर ते वर येतं. मला अशी रजा मिळाली तेव्हा तिसऱ्याच दिवशी, गुहागरच्या बाजारात मासे घेत असताना फोन आला. "मॅडम, तुमचा पासवर्ड सांगता का, इथे अडलंय." मी नाही म्हटलं. पुढच्या दोन तासांत आणखी सात फोन. त्या वर्षी माझे मूल्यमापनाचे गुण उतरले. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, 'तुम्ही ॲडजस्ट होत नाही.' हे उत्तर कसं मिळालं असेल, ते सांगायला नको.

आणि आता या बाकीच्या, हक्काच्या रजा विम्याला बांधायच्या! 8 मार्च 2024 च्या वेतन करारानंतर पाच दिवसांच्या आठवड्याबद्दल लोक आम्हाला अजून विचारतात. तो व्हायचा तेव्हा होवो. सप्टेंबर 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे, त्यातले किती शनिवार आम्ही शाखेबाहेर काढले ते आमच्या शटरला विचारा. दुपारची सुट्टी तर विसराच. पुण्यात दुकानं दुपारी 1 ते 4 बंद असतात यावर अख्खा महाराष्ट्र विनोद करतो. आमच्या शाखेत मंजूर माणसं नऊ आहेत, प्रत्यक्षात पाच, आणि आम्हाला जेवायला 1 ते 1:10 मिळत नाहीत. डबा उघडला की काउंटरवरून आवाज येतो, "जेवा, जेवा, आमचं काय, आम्ही थांबतो!" तो टोमणा ज्याने खाल्लाय त्यालाच कळतं.

एक मुद्दा मात्र सविस्तर मांडायचा आहे, कारण तो बाहेर भलत्याच तऱ्हेने मांडला जातो. आमच्या शाखेत तेलंगणातून आलेला एक 26 वर्षांचा ऑफिसर आहे. क्लार्कच्या भरतीत राज्याची भाषा येते का हे तपासतात. ऑफिसर देशात कुठेही नेमतात. तसा तो आला. नारायण पेठेत एका खोलीत राहतो. पहिल्या आठवड्यात एक आजोबा त्याला म्हणाले, "हयातीचा दाखला द्यायचाय." त्याला 'दाखला' एवढंच कळलं आणि त्याने आजोबांना शाळेचा दाखला आणायला पाठवलं. आजोबा पुणेरी. त्यांनी खरंच 1958 चा शाळा सोडल्याचा दाखला आणून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "यावरून मी जिवंत आहे हे सिद्ध होतं का?" आम्ही हसलो. तो पोरगा त्या रात्री रडला, हे मला नंतर कळलं. आता त्याच्या खिशात एक छोटी वही असते. 'खोडाखोड', 'वारस', 'उसने', 'पैसे अडकलेत', 'साहेब कुठे उलथलेत'. शेवटच्या शब्दप्रयोगाचा अर्थ त्याने मला विचारला तेव्हा मी दुसराच सांगितला.

एप्रिल 2025 मध्ये मराठीच्या प्रश्नावरून राजकीय कार्यकर्ते राज्यभर बँकांच्या शाखांत गेले. आमच्याकडेही आठ-दहा जण आले. मराठी माणसाला महाराष्ट्रातल्या बँकेत मराठीतून उत्तर मिळायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बीडमध्ये असताना मी रोज पाहत होते की अर्ज कळला नाही म्हणून माणूस कर्जाला कसा मुकतो. पण त्या दिवशी काचेच्या अलीकडे उभा राहून ऐकून घेत होता तो हा पोरगा. त्याला इथे कुणी पाठवलं, भाषा न शिकवता काउंटरवर कुणी बसवलं, याचा जाब त्याला कसा देता येणार? मी मध्ये पडले, चहा मागवला, माफी मागितली. विभागीय कार्यालयातून फोन आला: 'प्रकरण मिटवा, आणि फोटो पाठवा.' कोणी आलं नाही. भाषा शिकवण्यासाठी आपण दिलंय ते एक ऑनलाइन मॉड्यूल. चाळीस मिनिटांचं. इंग्रजीत.

महोदय, जुनं सगळं चांगलं होतं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण नोव्हेंबर 2016 आठवा. 8 तारखेच्या रात्री नोटा रद्द झाल्या, 9 ला बँका बंद, 10 ला शटर उघडलं तेव्हा आमच्या शाखेची रांग पार पुढच्या चौकापर्यंत होती. पुढचे 50 दिवस आम्ही काय केलं ते आम्हालाच ठाऊक. बोटं शाईने आणि धुळीने काळी व्हायची, रात्री अकराला कॅश जुळायची. त्या काळात रोज परिपत्रक यायचं, कधी दिवसातून दोन. सकाळचं संध्याकाळी बदलायचं. आम्ही वैतागायचो, पण परिपत्रक होतं. त्यावर क्रमांक होता, तारीख होती, सही होती. ग्राहक भांडायला आला की मी तो कागद काचेवर चिकटवायचे, आणि तोच माणूस थोड्या वेळाने म्हणायचा, "तुमची तरी काय चूक!" पेठेतल्या बायकांनी आम्हाला पोहे आणून दिलेत त्या दिवसांत. एवढं काम त्याआधी आणि त्यानंतर कधी केलं नाही, आणि एवढं हलकंही कधी वाटलं नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत कामाच्या ताणाने खचलेल्या माणसांच्या ज्या बातम्या पुणे शहरातून आणि जिल्ह्यातून आल्या, त्या आपणही वाचल्या असतील. त्यांच्याबद्दल मी काही लिहीत नाही. त्यांच्या घरच्यांनी जे लिहायचं ते लिहिलंय.

मागण्या मोजक्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच फुकटात होण्यासारख्या आहेत.

टार्गेट द्या, कडक द्या, पण बँकेच्या अधिकृत ई-मेलवरून, देणाऱ्याच्या नाव-हुद्द्यासह द्या. 'रजा मिळणार नाही', 'रविवारी शाखा उघडा', 'लॉकरला पॉलिसी लावा' हेही तसंच लेखी द्या. जे लिहायची लाज वाटते ते सांगू नका. असा तोंडी हुकूम मानला नाही म्हणून कुणावर कारवाई होणार नाही, असं एक परिपत्रक आपल्या सहीने काढा.

रिव्ह्यू कामाच्या वेळेत घ्या. त्याचं मुद्रण बँकेनेच करावं आणि तीन महिने जपून ठेवावं. ग्राहकाचं 'हो' जर वर्षानुवर्षं जपून ठेवता येतं, तर साहेबांचं बोलणं तीन महिने ठेवायला काय हरकत आहे?

साठीपुढच्या ग्राहकाची ठेव मुदतीला आली, तर त्याच दिवशी, त्याच टेबलावर विमा विकायला बंदी घाला. मध्ये सात दिवस जाऊ द्या. 'दरवर्षी किती, किती वर्षं' हे मोठ्या मराठी अक्षरांत एका कागदावर लिहून त्यावर त्यांची सही घ्या, आणि तो कागद त्यांच्याकडे द्या. एकमेकांच्या कोडवर होणारी विक्री थांबवा. ही तर सरळसरळ खोटी नोंद आहे, काउंटरवर अशी नोंद केली तर आम्ही निलंबित होतो.

रजेचा आणि टार्गेटचा संबंध तोडा. सक्तीच्या रजेवरच्या माणसाला पासवर्ड मागणाऱ्यावर तीच कारवाई करा जी पासवर्ड देणाऱ्यावर होते.

बाहेरच्या राज्यातून आलेल्या ऑफिसरला तीन महिने, रोज एक तास, कामाच्या वेळेत, माणसाकडून मराठी शिकवा. पुण्यात निवृत्त शिक्षकांचा तुटवडा नाही. एक तर माझ्या माहितीत आहेत, आणि त्यांना पैशांची गरजही आहे.

आणि शेवटची मागणी एका खात्याबद्दल. बाईंचे दोन लाख रुपये व्याजासह परत करा. फाइल दडवली गेली असेल तर माझ्याकडे प्रत आहे. या विक्रीत माझा जो दोष आहे त्याची चौकशी खुशाल करा, मी लेखी जबाब देईन. त्या दिवशी तीन वाजता मला आलेल्या फोनचीही करा. फोन करणाऱ्याने काय सांगितलं ते मी शपथेवर लिहून देईन. त्यांनाही तसं लिहून द्यायला सांगा.

आपल्याकडून उत्तर यावं ही अपेक्षा आहे. फोन नको. माझा मे महिन्याचा रजेचा अर्ज मी काल ई-मेलने पाठवला आहे. नामंजूर करायचा तर त्यावरच कारण लिहून सही करावी. बाईंच्या हप्त्याची वाढवून मिळालेली मुदत येत्या 12 तारखेला संपते. त्या दर सोमवारी पासबुक भरायला येतात, साडेदहाच्या सुमाराला.

कळावे,
आपल्या बँकेची एक शाखा व्यवस्थापक
पुणे